केबिनला साडेचार स्टार, बुकिंगला अडीच: अंटार्क्टिकाच्या छोट्या जहाजाचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असाल तर इथूनच उठून जा. जहाज उत्तम, गाईड लोक त्याहून उत्तम, सगळ्यात खालच्या डेकवरची आमची गोल खिडकीची केबिन पुरेपूर पैसा वसूल, आणि बुकिंगची सिस्टीम म्हणजे डोक्याला नुसता ताप. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण ज्या गोष्टीची तक्रार आहे ती अटी-शर्तींत आहे आणि तसल्या अटी इतरांकडेही बघितल्यात. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदराहून निघून अंटार्क्टिक पेनिन्सुला (अंटार्क्टिकाचा द्वीपकल्प) आणि परत, शंभरच्या आतबाहेर प्रवासी, मी आणि ताई, दोघींची ट्विन केबिन. जेवण, लेक्चर, पेंग्विन यावर भरपूर लोक लिहितात, त्यामुळे मी केबिन आणि बुकिंग एवढंच धरून बसणारे.

छोटंच जहाज का, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने विचारला कारण मोठ्या जहाजाचं भाडं बऱ्याचदा कमी दिसतं. तर त्याचं असं आहे की अंटार्क्टिकाला नेणाऱ्या कंपन्यांची एक संघटना आहे, आयाटो, १९९१ साली सुरू झालेली, आणि तिचा नियम असा की एका जागी एका वेळी १०० च्या वर प्रवासी किनाऱ्यावर उतरवायचे नाहीत, आणि ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कुणालाच उतरवायचं नाही. म्हणजे ते मोठं जहाज लांबून बर्फ दाखवतं आणि परत आणतं. दोनशे लोकांचं जहाज असेल तर दोन पाळ्या, एक गट किनाऱ्यावर, दुसरा तेवढ्यात झोडियाकमधून, म्हणजे रबरी मोटरबोटीतून, हिमनगांभोवती फिरतो, मग अदलाबदल. शंभरच्या आतलं जहाज असेल तर सगळे एकदम खाली, कुणाची वाट बघणं नाही, आणि किनाऱ्यावर वेळ जरा सैल मिळतो. म्हणून माझं स्पष्ट मत, पैसे दोनच गोष्टींत घाला, जहाजावर माणसं किती आणि तिकडे प्रत्यक्ष दिवस किती. या दोन्हीनंतर उरले तर केबिन.

आणि इथेच बुकिंग साईट उलटं शिकवते. उघडल्या उघडल्या पहिला फोटो सुईटचा. मोठा पलंग, काचेचं दार, बाल्कनीत दोन खुर्च्या, बाहेर निळा हिमनग अगदी सांगून ठेवल्यासारखा उभा. खाली खाली स्क्रोल करत गेलात की शेवटी आपली गरीब बिचारी पोर्टहोल ट्विन, म्हणजे गोल खिडकीची दोन पलंगांची केबिन, तिचा फोटो पण असा काढलेला की बघूनच घुसमटावं. माणूस आपोआप एक-दोन कॅटेगरी वर सरकतो, तेवढ्यासाठीच ती मांडणी आहे. पण डेक जितका वर तितकं भाडं जास्त हे गणित बंदरात उभ्या असलेल्या जहाजाचं आहे, समुद्रात गेल्यावर हिशोब बदलतो.

ड्रेक पॅसेज माहिती असेलच, दक्षिण अमेरिकेचं टोक केप हॉर्न आणि अंटार्क्टिकाच्या बेटांच्या मधला सुमारे ८०० किलोमीटरचा पट्टा, जाताना दीड-दोन दिवस आणि येताना तितकेच. तिथे वाऱ्याला आणि लाटांना अडवायला जमीनच नाही, पृथ्वीला गोल फेरी मारून येतात त्या. आता जहाज दोन प्रकारे हलतं. एक म्हणजे पुढचं टोक वर जातं, मागचं खाली, मग उलट, आणि हे मधल्या भागाभोवती होत असल्यामुळे मध्ये सगळ्यात कमी, टोकांना सगळ्यात जास्त. दुसरं म्हणजे डावी-उजवीकडे कलणं, ते जितके वर असाल तितकं जास्त जाणवतं. म्हणजे सगळ्यात शांत जागा कुठली, तर मध्ये आणि खाली. आणि सगळ्यात वाईट कुठली, तर वर आणि पुढे, जिथे बऱ्याच जहाजांवर सगळ्यात महागडा सुईट असतो. हसू नका, खरंच.

जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी स्टॅबिलायझरचे पंख असतात म्हणून ब्रोशरमध्ये कौतुक असतं, ते खोटं नाही. पण ते पंख फक्त कलणं कमी करतात, पुढे-मागे आपटणं नाही, आणि साध्या प्रकारचे पंख जहाजाला वेग असेल तेव्हाच काम करतात. बर्फात शिरताना तर ते आत ओढूनच घेतात. तेव्हा 'स्टॅबिलायझर आहेत, काळजी नको' असं कुणी म्हटलं की मान डोलवा आणि मधलीच केबिन मागा.

आमची केबिन सांगते. दार उघडलं की डाव्या हाताला बाथरूम, तिचा उंबरठा चांगला वीतभर उंच, पहिल्या दिवशी अंगठा आपटतोच. दोन पलंग भिंतींना लागून, मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा, म्हणजे ताई कपडे बदलत असेल तर मी पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. गोल खिडकी, जाड काच, पाण्यापासून फार वर नाही. उशुआयाजवळच्या बीगल चॅनलमधून खुल्या समुद्रात बाहेर पडायच्या आधी एक खलाशी आला, अगदी नम्रपणे सॉरी सॉरी म्हणत, आणि खिडकीवरची लोखंडी झडप लावून तिच्या कळा पिळून घट्ट केल्या. झालं, काळोख. खालच्या डेकवर हे होणारच, ड्रेकमध्ये लाटा त्या खिडकीवरून जातात. साईटवर 'समुद्राचं दृश्य' असं लिहिलेलं असतं ते जाता-येताना गृहीत धरू नका. मला त्याचं काही वाटलं नाही, त्या दिवसांत बाहेर बघायला उभं तरी कोण राहतंय.

रात्री मग सुरू झालं. पहिल्यांदा टेबलावरची पाण्याची बाटली पडली, मग ती इकडून तिकडे, तिकडून इकडे, शेवटी ताईने उठून ती बुटात कोंबली. कपाटाचा एक खण कडी नीट लागलेली नसल्यामुळे दर कलण्याला बाहेर येऊन आत जायचा, ठक, ठक. झोपताना आपण भिंतीवर जातो आणि मग कडेला येतो, कडेला लाकडी पट्टी आहे म्हणून पडत नाही, पण झोप कसली लागते. यावर तिथल्या एका गाईडने उपाय सांगितला तो लिहून ठेवा, कपाटातलं लाईफ जॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली घालायचं, म्हणजे गादी भिंतीकडे उतरती होते आणि आपण त्या खोबणीत घट्ट बसतो. ताई पाच मिनिटांत घोरायला लागली. त्या रात्री लाटा मोठ्या होत्या असं सकाळी कळलं. आम्हाला बोट लागली का, तर ताईला अजिबात नाही, मला थोडीशी, गोळी वेळेवर घेतली होती. गोळीचं आपल्या डॉक्टरला विचारून घ्या आणि पाणी शांत असतानाच घ्या, पोट ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, ती आत राहातच नाही.

सकाळी नाश्त्याला अर्धी टेबलं रिकामी. वरच्या डेकवर पुढच्या बाजूला सुईट घेतलेलं एक जोडपं होतं, गोड माणसं, बोलकी. नवऱ्याने सांगितलं की रात्री पलंगावरून अंग अधांतरी उचललं जातंय आणि मग धपकन खाली, असं चाललं होतं, शेवटी दोघं उश्या घेऊन दोन डेक खाली लाउंजमध्ये सोफ्यावर येऊन झोपले. आमच्यापेक्षा कितीतरी जास्त भाडं भरून. त्यांना मी काही बोलले नाही, ताई बोलली. 'आमच्याकडे या बघायला, आमची खोली हलतच नाही,' असं. मी टेबलाखालून तिला पाय मारला.

पण एकदा का पलीकडे पोचलात की त्याच सुईटची मजा आहे हेही कबूल करायला हवं. पाणी शांत, मोठी खिडकी, लेमेअर चॅनलसारख्या अरुंद जागेतून जाताना पलंगावर बसून दोन्हीकडचे कडे बघता येतात. मग बाल्कनी हवी का? मी म्हणेन नको. ओल्या थंडीत बाल्कनीत खुर्ची टाकून कोण बसतो, आणि देवमासा दिसला की ब्रिजवरून, म्हणजे कप्तान जहाज चालवतो तिथून, घोषणा होते ती हमखास दुसऱ्या बाजूची. तुम्ही बाल्कनीत असाल तर जहाजाची एकच बाजू तुमची, वरच्या उघड्या डेकवर गेलात की चारही बाजू फुकट. दिवसातून दोनदा खाली उतरायचं, मध्ये जेवायचं, संध्याकाळी उद्याचं ब्रीफिंग, केबिनमध्ये आपण असतो ते झोपायला आणि ओले मोजे वाळत घालायला. आणि खराब हवेत बाल्कनीत जाऊ नका म्हणून सांगतातच. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे किंवा जे किनाऱ्यावर फारसे उतरणार नाहीत त्यांनी मात्र मोठ्या खिडकीची केबिन घ्यावी, त्यांच्यासाठी ती खिडकी हीच ट्रिप आहे. हेही बघा की काही जुन्या जहाजांना लिफ्ट नसते आणि खालून वर जेवायला दिवसातून किती जिने होतात.

पोर्ट की स्टारबोर्ड, डावी की उजवी, यावर लोक तासन्‌तास घालवतात. पेनिन्सुलाला जहाज इतकं वळत असतं की काही फरक पडत नाही. तो वेळ डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, वाचण्यात घाला.

डेक प्लॅन हा खरं तर अख्ख्या बुकिंगमधलं एकमेव उपयोगी कागद, पण तो नकाशा कमी आणि जाहिरात जास्त असते. केबिन रंगीत, लाउंज रंगीत, आणि मध्येमध्ये कोरे पांढरे चौकोन, त्यांच्यावर काही लिहिलेलं नाही. त्या चौकोनांतच सगळी गंमत आहे. आमच्याच डेकवर दोन मैत्रिणी होत्या, त्यांच्या केबिनशेजारचा पांढरा चौकोन म्हणजे लॉन्ड्री निघाली, पहाटेपासून ड्रायर घरघर. कंपनीला विचारलं तर सांगतात, पण विचारावं लागतं, स्वतःहून कोण सांगतंय. म्हणून प्रत्येक पांढऱ्या चौकोनाबद्दल मेल करायचा, लाजायचं नाही. मग तुमच्या डोक्यावर काय आहे ते बघायचं. वर डायनिंग असेल तर भल्या सकाळी खुर्च्या ओढल्या जाणार, वर जिम असेल तर कुणीतरी उत्साही माणूस ट्रेडमिलवर धावणार. अगदी पुढे असाल तर नांगराची साखळी सुटताना झोपेतून ताडकन उठाल, आणि पुढच्या थ्रस्टरचा (जहाज बाजूला सरकवणाऱ्या पंख्याचा) आवाज म्हणजे जमिनीखालून कुणीतरी खडी दळतंय. शिवाय बर्फातून जाताना खालच्या डेकवर, विशेषतः पुढे, जहाजाच्या पत्र्याला बर्फ घासल्याचा जो आवाज येतो तो पहिल्यांदा ऐकला की काळजाचं पाणी होतं, मग सवय होते, मग तर आवडायला लागतो. अगदी मागे असाल तर इंजिनची थरथर, आणि वारा मागून असेल तर धुराचा वास. खिडकीसमोर झोडियाक उचलायची क्रेन किंवा लाईफबोट लटकत असेल तर काही कंपन्या 'दृश्याला अडथळा' असं बारीक अक्षरात लिहितात आणि भाडं कमी लावतात, ही केबिन कधीकधी छान सौदा असते. आणि ज्या डेकवर बाहेरून चालायचा रस्ता असतो तिथे खिडकीसमोरून लोक येजा करतात, पडदा उघडा ठेवून कपडे बदलू नका एवढंच.

एक गोष्ट जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही ती म्हणजे पलंग कुठल्या दिशेला आहे. जहाजाच्या लांबीला समांतर असेल तर कलताना आपण कुशीवर लोळतो, त्याला लाईफ जॅकेटचा उपाय आहे. आडवा असेल तर एकदा डोकं खाली पाय वर, एकदा उलट, आणि त्याला उपाय नाही. काहींना तेच बरं वाटतं म्हणे. मला पहिलाच प्रकार बरा. प्लॅनवर पलंगाचं छोटं चित्र असतं, झूम करून बघा.

आता बुकिंग, म्हणजे अडीच स्टार का ते. कंपनीच्या साईटवर कॅटेगरी निवडता येते, केबिन नंबर निवडता येत नाही. 'पोर्टहोल ट्विन' म्हटलं की त्यात अगदी पुढची, मधली आणि मागची सगळ्या आल्या, भाडं सगळ्यांचं सारखंच. म्हणजे एकाच पैशात जहाजावरची सगळ्यात चांगली जागाही मिळू शकते आणि सगळ्यात वाईटही, आणि ठरवणार कोण तर त्यांचं ऑफिस. मी मेल केला की मधल्या भागातली कुठली रिकामी आहे, तर उत्तर आलं की आमच्या सगळ्या केबिन आरामदायी आहेत. परत विचारलं, परत तेच, खाली नाव वेगळं. विचारलं एक आणि सांगतात भलतंच, ताईच्या भाषेत 'यांना फक्त कार्डाचा नंबर कळतो'.

मग या जहाजांचंच काम करणारी एक एजंट मिळाली, ऑनलाईनच, आणि तिथून गाडी रुळावर आली. लोकांना वाटतं एजंट म्हणजे जास्तीचे पैसे, पण क्रूझच्या धंद्यात एजंटचं कमिशन सहसा कंपनी देते, भाडं बहुतेक वेळा तेच असतं, तरी दोन्हीकडचा आकडा एकदा लावून बघा. फरक हा की ती बाई स्वतः त्या जहाजावर जाऊन आली होती. तिने फोनवर सरळ सांगितलं, ही नको, हिच्यासमोर खलाशांच्या जिन्याचं दार आहे, रात्रभर आपटतं, ही घ्या, ही मधली आहे आणि बूट-जॅकेट ठेवायची खोली पण जवळ. आणि दोन-तीन दिवस ती केबिन पैसे न भरता आमच्या नावावर धरून ठेवली, याला ऑप्शन म्हणतात, बऱ्याच कंपन्या एजंटला देतात. तुमचा एजंट ऑप्शन नको, आत्ताच्या आत्ता कार्ड काढा म्हणत असेल तर त्याला नमस्कार करा. एजंट पारखायचा सोपा प्रश्न असा की या कॅटेगरीतली कुठली केबिन तुम्ही स्वतः घेणार नाही? उत्तर लगेच आलं तर माणूस जाणकार.

डिपॉझिट भरलं, कन्फर्मेशन आलं, केबिन नंबर त्यावर छापलेला. आता निवांत म्हणून बसलो, तर निघायच्या काही आठवडे आधी नवीन व्हाउचर आलं, सगळं तसंच, फक्त केबिन नंबर वेगळा. प्लॅन उघडून बघितला तर थेट पुढचं टोक. कुणी विचारलं नाही, कळवलं नाही, व्हाउचरमध्ये गुपचूप बदललेलं. एजंटने फोन लावला तर उत्तर 'ऑपरेशनल कारण', आणि अटींमधलं कलम दाखवलं की त्याच कॅटेगरीत किंवा वरच्या कॅटेगरीत केबिन बदलण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते. कलम आहे, खरं आहे, आम्ही सही केलेली आहे. पण मग केबिन नंबर छापायचा तरी कशाला? एजंट चिकट होती, तिने चार मेल केले, आमच्या पहिल्या कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट जोडला, आणि शेवटी नंबर परत मिळाला. स्वतः थेट बुक केलं असतं तर मिळाला असता असं मला वाटत नाही. म्हणून सांगते, नंबर कुठल्या दिवशी काय होता ते सेव्ह करून ठेवा आणि प्रत्येक नवीन कागद आला की पहिला नंबर बघा, नाव नंतर.

'गॅरंटी' नावाचाही एक प्रकार असतो, म्हणजे कॅटेगरी नक्की, केबिन कुठली ते ऐनवेळी कळणार, भाडं थोडं कमी. तरुण असाल आणि कशानेही बोट लागत नसेल तर खुशाल घ्या. बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

पैशाचं वेळापत्रक साधारण असं असतं की सुरुवातीला २०-२५ टक्के आणि उरलेले निघायच्या तीन-चार महिने आधी, आणि त्यानंतर रद्द केलं तर बहुतेक सगळं पाण्यात. त्यामुळे कॅन्सलेशनचा इन्शुरन्स डिपॉझिट भरल्या भरल्या काढायचा, शेवटच्या आठवड्यात नाही. दुसरा इन्शुरन्स मेडिकल इव्हॅक्युएशनचा, तो बऱ्याच कंपन्या सक्तीचा करतात आणि त्यात काही चूक नाही, तिकडे जहाजावरचा डॉक्टर सोडला तर हॉस्पिटल म्हणजे समुद्र ओलांडून. पॉलिसीत अंटार्क्टिका हा शब्द लिहिलेला आहे का ते बघा, 'जगभर' या शब्दावर विसंबू नका. मेडिकल फॉर्मही भरावा लागतो, त्यात काही लपवू नका.

एकट्याने जाणाऱ्यांना सिंगल सप्लिमेंट नावाचा दंड आहे, ट्विन केबिन एकट्याला हवी तर दीडपट ते दुप्पट भाडं. पण छोट्या जहाजांवर शेअरिंगची सोय असते, कंपनी तुमच्याबरोबर एक अनोळखी पण त्याच लिंगाचा प्रवासी घालते आणि दुसरा मिळालाच नाही तर काही कंपन्या ती केबिन तुम्हाला तेवढ्याच भाड्यात देतात. आमच्या जहाजावर एका बाईला अशी आख्खी केबिन मिळाली होती, तिच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. तीन-चार जणांच्या केबिन सगळ्यात स्वस्त, पण तिथे वरचा बर्थ येऊ शकतो, आणि ड्रेकमध्ये वरच्या बर्थवरून रात्री बाथरूमला उतरणं हा धाडसी खेळात मोडतो.

जहाज कुठलं याचाही केबिनवर परिणाम होतो. जुनी जहाजं बऱ्याचदा दुसऱ्याच कामासाठी बांधलेली असतात, उदाहरणार्थ प्लॅन्शियस हे १९७६ चं डच नौदलाचं समुद्रसंशोधनाचं जहाज होतं, नंतर त्याचं प्रवासी जहाज केलं. अशांच्या केबिन ओबडधोबड, पण बांधणी दणकट. नव्यांमध्ये ग्रेग मॉर्टिमरसारखी उलट्या नाकाची जहाजं आलीत, २०१९ पासून, ते नाक लाटेवर आपटण्याऐवजी तिला चिरत जातं, त्यामुळे पुढच्या केबिनमधलं धपकन पडणं कमी होतं म्हणतात. त्यावरच्या प्रवाशांशी बोलले, त्यांनी कौतुकच केलं, पण ड्रेक शांत असताना गेले होते, त्यामुळे ते कौतुक मी अर्धंच धरते.

आणि हे सगळं अंटार्क्टिकाचं, दुसरीकडे हेच नियम जसेच्या तसे लावू नका. गॅलापागोसला तर १६ प्रवाशांच्या लहान बोटीही असतात, तिथे एका गाईडमागे १६ च माणसं असा नियमच आहे आणि कुठलीही बोट १०० च्या वर प्रवासी नेऊ शकत नाही. त्या लहान बोटींवर सगळ्यात खालची मागची केबिन म्हणजे इंजिनरूमची शेजारीण, आणि बोट रात्रीच एका बेटाकडून दुसरीकडे जाते, म्हणजे नेमकं झोपायच्या वेळी इंजिन जोरात. तिथे एक डेक वरची, मधली घ्यावी असं तिकडे जाऊन आलेल्या ताईचं मत. तिथे बोटीला १४ दिवसांत त्याच जागी परत जाता येत नाही, म्हणून एकाच बोटीच्या दोन वेगवेगळ्या फेऱ्या असतात, केबिन बघण्याआधी फेरी कुठली ते बघा. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर वेगळंच, उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तिथल्या मुख्य गावी लाँगइयरब्येनला साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट, त्यामुळे तिथे केबिनचा पडदा जाड आहे का हा प्रश्न बाल्कनीपेक्षा मोठा. शेंगेन व्हिसा लागत असेल तर डबल एंट्रीचा घ्या, स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे, नॉर्वेत परतताना दुसरी एंट्री लागते. आणि १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या संरक्षित भागात २०० च्या वर प्रवासी असलेल्या जहाजाला जाता येत नाही, त्यामुळे छोटं जहाज की मोठं हा प्रश्न तिथे बराचसा सुटलाय.

आमच्या केबिनचा अर्धा स्टार कापला तो बाथरूमसाठी. शॉवरचा पडदा ओला होऊन अंगाला चिकटतो, पाणी उंबरठ्याच्या आत साचतं आणि जहाज कललं की ते सगळं पायांवरून इकडून तिकडे जातं, साबण शोधायला खाली वाकावं तर डोकं नळावर. आणि संडासाचा व्हॅक्युम फ्लश, बाप रे, शेजारच्या केबिनमध्ये ओढला तरी आपण दचकतो. बाकी गरम पाणी भरपूर, हीटर उत्तम, मोजे रात्रीत कडकडीत वाळायचे, वायफाय नावापुरतं, आणि रोज खोली आवरणारा मुलगा इतका हुशार की तो ठकठक वाजणारा खण त्याने न सांगता कागदाची घडी घालून बंद करून दिला.

परत आल्यावर कंपनीचा फीडबॅक फॉर्म आला. जेवणावर प्रश्नांची ही मोठी रांग, बार, गिफ्ट शॉप, गाईड, सगळं, आणि केबिनवर एकच, स्वच्छ होती का. मी 'इतर काही' या रकान्यात केबिन नंबर परस्पर बदलल्याचं सविस्तर लिहिलं, तारखांसकट. आठवड्याने उत्तर आलं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत वगैरे, आणि सोबत पुढच्या ट्रिपसाठी डिस्काउंट कोड, फक्त वरच्या डेकवरच्या बाल्कनी सुईटला लागू.